फॉस्फरसचा बंध आणि मधला धातू
(इन्सुली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)





आजचा माझा विषय आहे एक रासायनिक बंध. फॉस्फरस आणि कार्बन या दोन मूलद्रव्यांमधला बंध, आणि तो जुळवून देणारा धातू. हा विषय विद्यापीठाच्या सभागृहातला वाटेल. इन्सुलीत तो कशासाठी? कारण फॉस्फरसची सेंद्रिय संयुगे या पंचक्रोशीत घरोघरी आहेत. काजूला पालवी फुटली की ढेकण्या येतो, आंब्याला मोहोर आला की तुडतुडे येतात, आणि आपण पंप पाठीला लावून बागेत जातो. त्या पंपात काय असते? प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, काल-परवापर्यंत मोनोक्रोटोफॉस. ही सगळी फॉस्फरसची संयुगे. दुसरीकडे, एचआयव्हीच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यातून रोज जी गोळी मिळते, तिच्यातले टेनोफोव्हिर हेही फॉस्फरसचेच संयुग. एकाच मूलद्रव्यापासून माणसाला मारणारा रेणूही होतो आणि जगवणाराही. हे कसे होते? मला आज याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, आणि ते नीट द्यायचे तर बंधांपर्यंत जावेच लागते.

पहिल्यांदा विषाकडे बघू, कारण त्याची ओळख आपल्याला जवळून आहे.

आपल्या शरीरात नस स्नायूला निरोप देते तेव्हा असेटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते. निरोप पोहोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते द्रव्य तत्काळ तोडून टाकते. न तोडले तर स्नायू आखडलेलाच राहील. फॉस्फरसचे कीटकनाशक नेमके या विकरावर जाऊन बसते. त्याच्या फॉस्फरसवर एक गट सैल बसवलेला असतो. विकराशी गाठ पडताच तो गट सुटतो आणि फॉस्फरस विकराला चिकटतो. विकर बंद पडते. मग घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, आणि शेवटी श्वास थांबतो. किडा असाच मरतो आणि माणूसही असाच मरतो, कारण हे विकर दोघांकडेही आहे.

इथे जरा थांबतो, कारण पुढची गोष्ट जीव वाचवणारी आहे. क्लोरपायरिफॉससारख्या औषधात फॉस्फरसवर गंधक असते. शरीरात गेल्यावर यकृत त्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन आणते आणि मग ते खरे विषारी होते. म्हणून बागेतून आलेला माणूस काही वेळ बरा दिसतो आणि नंतर कोसळतो. दुसरे असे की चिकटलेला फॉस्फरस जसजसा वेळ जातो तसतसा विकरावर कायमचा घट्ट होतो. अॅट्रोपिन लक्षणे आवरते. प्रॅलिडॉक्झाइम म्हणजे डॉक्टर ज्याला पॅम म्हणतात ते इंजेक्शन फॉस्फरसला ओढून काढते, पण तो घट्ट होण्याआधी दिले तरच. म्हणून अशा रुग्णाला सावंतवाडीच्या रुग्णालयात न्या, गोव्यात बांबोळीला न्या, पण सकाळपर्यंत बघू असे म्हणू नका.

2013 साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनातून 23 मुले गेली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस होते. 2017च्या पावसाळ्यात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथे निरनिराळ्या औषधांची मिश्रणे होती, मोनोक्रोटोफॉसही त्यांत होते. 2023 साली केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर बंदी घातली. माझे स्पष्ट मत आहे की ही बंदी फार उशिरा आली.

आता बंधाकडे येतो.

या सगळ्या कीटकनाशकांत फॉस्फरस हा ऑक्सिजनशी किंवा गंधकाशी जोडलेला असतो. फॉस्फरस-ऑक्सिजन हा बंध निसर्गाचा लाडका आहे. आपला डीएनए याच बंधांनी ओवलेला आहे, पेशीतली ऊर्जा याच बंधांतून फिरते. कारण हा बंध हवा तेव्हा जोडता येतो, हवा तेव्हा तोडता येतो. जीवसृष्टीचा व्यवहार या तोडजोडीवरच चालतो. आणि विषाचा व्यवहारही तिच्यावरच चालतो.

फॉस्फरस-कार्बन बंधाची प्रकृती वेगळी. तो पाण्याने सहसा तुटत नाही, पोटातल्या विकरांनी तुटत नाही. निसर्गात तो आहे का, याचीच खूप काळ शंका होती. 1959 साली जपानी संशोधकांना तो मेंढीच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांत सापडला. पुढे समुद्रातल्या सूक्ष्मजीवांतही तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसले. टेनोफोव्हिरचे यश या बंधावर उभे आहे. विषाणूला फसवायचे तर औषधाला डीएनएच्या कडीसारखे दिसावे लागते, म्हणजे त्यावर फॉस्फरस हवा. पण तो ऑक्सिजनच्या बंधाने लावला तर शरीर तो तोडून टाकते. प्रागच्या अँटोनिन होली यांनी तो कार्बनच्या बंधाने लावला. औषध टिकले.

मग ऑक्सिजनचा बंध वाईट आणि कार्बनचा चांगला, असे म्हणायचे का? मुळीच नाही. 1930च्या दशकात जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हे कीटकनाशके शोधत होते. त्या शोधात 1936 साली टाबून आणि 1938 साली सारिन हाती आले. युद्धात वापरायचे हे विषारी वायू. सारिनमध्ये फॉस्फरसला एक कार्बन थेट जोडलेला आहे. तो बंध टिकतो. पण शेजारी फ्लोरिन आहे, तो सुटतो, आणि तेवढ्यावर माणूस मरतो. तेव्हा एखाद्या संयुगात फॉस्फरस आहे एवढे कळून काहीच कळत नाही. त्याचा कोणता बंध टिकतो, कोणता तुटतो, आणि तुटतो तो शरीरात कुठे, हे कळले पाहिजे. अमुक रासायनिक म्हणून घातक, तमुक नैसर्गिक म्हणून निर्धोक, अशी वाटणी आपण सर्रास करतो. ती करून आपण विचार करायचेच थांबवतो, असे मला वाटते.

आता आजचा खरा विषय. हा फॉस्फरस-कार्बन बंध बनवायचा कसा?

जुनी पद्धत मिखाएलिस आणि अर्बुझोव या दोघांच्या नावाने ओळखली जाते. 1898 साली मिखाएलिस यांनी ती पाहिली, विसाव्या शतकाच्या आरंभी रशियाच्या अर्बुझोव यांनी ती पक्की केली. फॉस्फरसचे एक संयुग घ्यायचे, कार्बनवर ब्रोमिन असलेले दुसरे संयुग घ्यायचे आणि तापवायचे. फॉस्फरस कार्बनच्या पाठीमागून येतो, पुढून ब्रोमिन निघून जातो. साध्या साखळीतल्या कार्बनवर हे उत्तम चालते. टेनोफोव्हिरसारख्या औषधात फॉस्फरस साध्या कार्बनवरच बसवायचा असतो, म्हणून तिथे आजही जुन्या घराण्यातल्या पद्धती पुरतात.

पण बेंझिनच्या कड्यावर हे चालत नाही. का? मुलांनो, कडे डोळ्यांसमोर आणा. सहा कार्बन, सपाट, एकमेकांना धरून बसलेले. ब्रोमिन बाहेरच्या बाजूला. त्याच्या पाठीमागून यायचे म्हणजे कड्याच्या मधून यायचे. वाटच नाही! आणि औषधांत, रंगांत, दिव्यांच्या पडद्यांत ज्या रेणूंना खरी मागणी आहे, त्यांतले बहुतेक कड्यांचे.

1970 साली टाव्ह्स या रसायनज्ञाने निकेलचे क्लोराइड टाकून, 160 अंशांना तापवून, कड्यावर फॉस्फरस बसवून दाखवला. वाट आहे, एवढे सिद्ध झाले. पण 160 अंशांना नाजूक रेणू तगत नाहीत. मग 1980 ते 1982 या काळात जपानमध्ये तोशिकाझू हिराओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलेडियम हा धातू वापरला. तापमान नव्वद अंशांच्या आसपास, सोबतीला एक साधे अल्कली द्रव्य. कड्यावर फॉस्फरस अलगद बसला. आज जगभर ही हिराओ जोडणी म्हणून शिकवतात.

धातू नेमके काय करतो? आपल्याकडे हे समजावणे सोपे आहे, कारण इथे काजूचे मृदकाष्ठ कलम बांधलेले बहुतेकांनी पाहिले आहे. कलम बांधणारा खुंट छाटतो, काडीला पाचर देतो, दोन कापांचा गाभा एकमेकांना भिडवतो, वर पट्टी गुंडाळतो आणि पुढच्या पिशवीकडे वळतो. झाडात तो राहत नाही. पॅलेडियमचेही तसेच. आधी तो कार्बन आणि ब्रोमिन यांच्या मधे शिरतो; हा खुंटावरचा छाट. मग ब्रोमिनची जागा फॉस्फरस घेतो, ही काडी. धातूवर कार्बन आणि फॉस्फरस शेजारी शेजारी आले की ते एकमेकांना धरतात आणि धातू मोकळा होतो, पुढच्या रेणूकडे जायला. म्हणून धातू कणभर पुरतो. त्याला उत्प्रेरक म्हणतात ते यासाठी.

इथवर सगळे सुरळीत वाटते. पण या प्रकारात एक अडचण आहे, आणि माझ्या मते हा या साऱ्या विषयाचा सगळ्यात रंजक भाग आहे.

कार्बन-कार्बन जोडणीत धातूला मदतनीस लागतो. तो मदतनीस बहुधा फॉस्फीन असतो, म्हणजे फॉस्फरसचेच सेंद्रिय संयुग. फॉस्फरसकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, ती तो धातूला देतो, धातूला घट्ट धरतो, त्याला विरघळलेला आणि कामाला तयार ठेवतो. 2010चे नोबेल पारितोषिक ज्या कामाला मिळाले, रिचर्ड हेक, एइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांच्या पॅलेडियम जोडणीला, तिच्या बहुतेक रोजच्या वापरात फॉस्फीन लागते. इथे बसलेल्यांपैकी कितीजण रक्तदाबासाठी लोसार्टन घेत असतील! मर्क कंपनीने त्या औषधासाठी बसवलेल्या पद्धतीत दोन कडी सुझुकी जोडणीने जोडली जात. म्हणजे फॉस्फरसचा मदतनीस आपल्या गोळीच्या जन्माला हजर होता.

आता बघा. फॉस्फरस धातूला इतका घट्ट धरतो, हा त्याचा गुण. पण जेव्हा फॉस्फरसच जोडायचा असतो, तेव्हा हाच गुण आडवा येतो. जोडायला आणलेला फॉस्फरसही धातूला धरतो आणि तयार झालेला मालही धातूला धरतो. काडीने कलम बांधणाऱ्याचेच हात धरून ठेवले तर पुढची कलमे कोण बांधणार? उत्प्रेरक गुदमरतो. शिवाय अशी बरीच फॉस्फीने हवेत उघडी ठेवली की ऑक्सिजन घेतात आणि निकामी होतात. काही तर पेट घेतात.

यावर रसायनज्ञांनी काय केले? त्यांनी फॉस्फरसची मोकळी जोडी झाकली. ऑक्सिजन आधीच लावलेला, सोबत एक हायड्रोजन असलेला फॉस्फरस घेतला. या रूपात तो हवेत शांत राहतो आणि धातूच्या वाटेला जात नाही. पण हेच संयुग क्षणभर रूप पालटते: हायड्रोजन फॉस्फरसवरून ऑक्सिजनवर उडी मारतो, जोडी मोकळी होते, आणि तेवढ्या वेळात धातू त्याला पकडतो. थोडा थोडा, लागेल तेवढाच. तयार झालेल्या मालात फॉस्फरसवर ऑक्सिजन कायम असतो, म्हणून तो धातूला धरून बसत नाही. मला हे फार सुंदर वाटते. पदार्थाच्या स्वभावाशी भांडायचे नाही, त्याच्या स्वभावातूनच वाट काढायची.

या वाटेने काय मिळाले? एकच उदाहरण देतो. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर ब्रिगाटिनिब नावाचे औषध आहे. 2017 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्याच्या एका कड्यावर फॉस्फरस बसलेला आहे, दोन मिथिल गट आणि एक ऑक्सिजन घेऊन. तो बसवतात पॅलेडियमने, मदतनीस म्हणून झँटफॉस नावाचे फॉस्फीन घेऊन. त्या फॉस्फरसवरचा ऑक्सिजन शेजारच्या हायड्रोजनला ओढून धरतो, त्यामुळे रेणूची घडी बरोबर बसते आणि पाण्यात विरघळायलाही मदत होते. ज्या मूलद्रव्याने यवतमाळात माणसे नेली, तेच इथे, दुसऱ्या बंधाने बसवलेले, कर्करुग्णाचे आयुष्य लांबवते.

इतर उपयोग ओझरते सांगतो. पडद्यांतल्या दिव्यांचे पदार्थ, आग लवकर धरू न देणारी प्लास्टिके, आणि अर्थात नवी फॉस्फीने. म्हणजे धातूचा पुढचा मदतनीस धातूच तयार करतो.

आता घराकडे येऊ. हे सगळे जपान-जर्मनीचे, आपले काय?

मुंबईत 1933 साली विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, जुने लोक ज्याला यूडीसीटी म्हणतात, आणि आज आयसीटी. 1950 साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर यूडीसीटीत शिकले आणि पुढे त्या पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. केकी घरडा हेही यूडीसीटीचेच. त्यांची घरडा केमिकल्स आपल्याच कोकणात, खेडजवळच्या लोटे परशुराम वसाहतीत आहे आणि क्लोरपायरिफॉस बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कारखान्यांत तिची गणना होते. 2025 साली जिनिव्हात स्टॉकहोम कराराच्या सभेत क्लोरपायरिफॉस, काही सवलती ठेवून, जगातून हद्दपार करायच्या यादीत गेले. फॉस्फरस-ऑक्सिजनच्या या जुन्या रसायनावर कोकणातल्या किती घरांच्या चुली पेटतात, याचा विचार करा. कारखाना उद्या काय बनवणार, हा तिथे काम करणाऱ्या मुलांचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधणारी माणसेही इथलीच आहेत. पवईच्या आयआयटीत एम. एस. बालकृष्ण यांनी अनेक वर्षे फॉस्फरसची नवी संयुगे आणि त्यांची धातूंशी होणारी जोडी यांवर काम केले आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत समीर चिक्कली यांचा गट फॉस्फरसचे मदतनीस आणि पॅलेडियम यांवर काम करतो. मुंबईच्या आयसीटीत अनंत कापडी यांच्या गटाने पाण्यात विरघळणारे एक फॉस्फीन वापरून पॅलेडियमची जोडणी चालवून दाखवली, आणि तीही डीएनएच्या कड्यांसारख्या नाजूक रेणूंवर. पाण्यात चालते याचा अर्थ नीट घ्या. कारखान्याबाहेर जे सांडपाणी जाते, त्यात सेंद्रिय द्रावकाचा भार कमी. लोट्याजवळची खाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

काही प्रश्न अजून उरले आहेत, तेही सांगितले पाहिजेत. पॅलेडियम महाग, आणि जगातला बहुतेक रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येतो. औषधात तो उरता कामा नये. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि तो गाळून काढण्यातच कारखान्याचा मोठा वेळ जातो. म्हणून निकेल आणि तांबे यांच्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे. टाव्ह्सने 1970 साली जिथून सुरुवात केली, तिथेच, पण या वेळी सौम्य तापमानाला. स्वस्त धातूने, पाण्यात, कमी उष्णतेत हा बंध बांधणे, हे काम अजून पुरे झालेले नाही.

मित्रहो, इथली मुले बारावी झाली, बीएस्सी झाली की पत्रादेवी ओलांडून गोव्यात कोलवाळला, वेर्ण्याला औषधांच्या कंपन्यांत जातात. चांगली नोकरी आहे, मान आहे. पण तिथे बहुतेक गोळी बांधली जाते. रेणू बांधला जातो दुसरीकडे. माझी पालकांना विनंती आहे की रसायनशास्त्रात ज्याला गोडी आहे, त्या मुलाला आणि मुलीला बीएस्सीवर थांबवू नका. एमएस्सीला पाठवा, पुण्याला, मुंबईला पाठवा, पीएचडी करू द्या. घरचे एक माणूस रेणू बांधायला शिकले, तर कोणता बंध तुटतो हे गावाला सांगणारे कोणी तरी असेल.

आणि व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एक मागणे. काजूला पालवी येण्याआधी या सभागृहात एक सकाळ ठेवा. कृषी सहायकांना बोलवा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा. घरात असलेल्या औषधांच्या बाटल्या सगळ्यांनी पिशवीत घालून आणाव्यात. बाटलीवरचा त्रिकोण लाल आहे, पिवळा, निळा की हिरवा, त्याचा अर्थ काय, मुदत संपली का, बंदी आहे का, हे एकेक बाटली हातात घेऊन बघू. लाल म्हणजे अति जहाल, एवढे तर आजच लक्षात ठेवा. मुखपट्टी, हातमोजे, वाऱ्याची दिशा, फवारणीनंतर लगेच साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, यावर बोलू. कोणाला त्रास झालाच तर रुग्णाबरोबर ती बाटली दवाखान्यात न्यायची, तिचे लेबल फाडायचे नाही, कारण डॉक्टरला औषध ठरवताना ते नाव हवे असते. तारीख ठरवा आणि कळवा, मी येतो.